घरची कोल्ड ब्रू: घशाशी कडू आणि तळाशी गाळ, काय करावं?

राजेंद्रनगरकर (इंदूर)

नमस्कार मंडळी. प्रश्न साधाच आहे, पण त्यावरून घरात रोज चर्चासत्र भरतंय, म्हणून इथे विचारते.

मी बँकेतून निवृत्त झालेली बाई. दुपारी चारचा चहा हा आमच्याकडे नेम. पण मे महिन्यात इंदूरच्या उन्हात चार वाजता गॅसपाशी उभं राहायचं म्हणजे शिक्षाच. लेक बंगळुरूला असते. ती सुट्टीला आली तेव्हा विजयनगरच्या एका कॅफेत मला कोल्ड ब्रू पाजली, म्हणजे थंड पाण्यात तासन्तास भिजवून काढलेली कॉफी. दूध नाही, साखर नाही, तरी अगदी अलगद घशाखाली उतरली. बिल मात्र अलगद उतरलं नाही, गिलासाला दोनशे चाळीस रुपये! म्हटलं, घरीच करू. कॉफी आणि पाणी, यापलीकडे त्यात आहे काय?

तर माझी रीत अशी. किराणावाल्याकडची सुटी फिल्टर कॉफीची पूड, शंभर ग्रॅम. एक लिटर पाणी. दोन्ही स्टीलच्या पातेल्यात एकत्र करून रात्रभर ओट्यावर झाकून ठेवायचं. सकाळी आधी चहाच्या गाळणीतून आणि मग पंचातून घट्ट पिळून काढायचं. रंग सुरेख येतो, काळाभोर. पण पहिल्या घोटानंतर घशाशी कडू रेंगाळतं ते जातच नाही. गिलासाच्या तळाशी गाळ बसतो. दुसऱ्या दिवशी उरलेल्याला आंबूस वास येतो. ह्यांनी एक घोट घेतला, गिलास ट्रेमध्ये परत ठेवला आणि म्हणाले, "चहाच टाक."

लेकीने जाताना चिकमगळूरच्या अरेबिका जातीच्या कॉफीच्या बियांचं पाकीट ठेवलंय, मध्यम भाजलेल्या आहेत, अडीचशे ग्रॅम. त्यांची माती व्हायच्या आधी विचारून घेते. घरात मिक्सर आहे, त्यात दळलं तर चालेल का? ओट्यावर ठेवायचं की फ्रिजमध्ये? आणि ह्यांना ॲसिडिटी आहे. लेक म्हणते कोल्ड ब्रूने त्रास होत नाही. खरं आहे का हे?

एकच विनंती, नवं यंत्र घ्या असं कोणी सांगू नका. ओट्यावर आता फक्त माझे दोन हात मावतात.

छप्पनवर पडीक (इंदूर)

ताई, एवढा उपद्व्याप कशाला? दोन चमचे इन्स्टंट, साखर, थंड दूध, बर्फ, मिक्सरला एक घुर्रका. वर व्हॅनिलाचा गोळा. भिया, आपल्या इंदौरात याला कोल्ड कॉफी म्हणतात आणि ती पिऊन कोणी "चहाच टाक" म्हटल्याचं ऐकिवात नाही.

चक्केवाली (रामबाग, इंदूर)

पडीकभाऊ, तुमची कोल्ड कॉफी मलाही आवडते, पण ताई विचारताहेत ते प्रकरण वेगळं. इन्स्टंट म्हणजे एकदा काढा करून वाळवलेली कॉफी. ती पाण्यात विरघळून जाते. भिजवून सावकाश उतरवायचं असं तिच्यात काही शिल्लकच नसतं.

ताई, माझा व्यवसाय श्रीखंडाचा. पाडव्याला, दसऱ्याला घरून ऑर्डरी घेते, म्हणजे अर्धं आयुष्य गाळण्यात गेलं. कॉफीचा नाद मुलापायी लागला, तो रात्री जागून अभ्यास करायचा. तेव्हा कॅफेवाल्यांची भाषा मला येत नाही, फडक्याची येते, त्याच भाषेत सांगते.

सगळ्यात आधी ती सुटी पूड. काचेच्या गिलासात थंड पाणी घ्या, वरून चिमूटभर पूड सोडा. ढवळू नका, हलवू नका, नुसतं बघत राहा. कॉफी तरंगते, चांगली हट्टाने तरंगते, आणि पाणी सावकाश रंगतं. चिकोरी, म्हणजे कॉफीत मिसळतात ती एका झाडाच्या भाजलेल्या मुळाची पूड, असली तर तिचे कण लगेच खाली निघतात आणि जाताना मागे तपकिरी दोरे सोडत जातात. तुम्ही "रंग सुरेख, काळाभोर" लिहिलंत ना, तिथेच मला शंका आली. फिल्टर कॉफीत चिकोरी मुद्दाम घालतात, कॉफी ८० तर चिकोरी २०, किंवा ७०:३०. गरम दुधात ती शोभते, दाटपणा येतो. बंद पाकिटावर तिची टक्केवारी छापावीच लागते आणि मिश्रणात कॉफी निदान ५१ टक्के असली पाहिजे असा नियम आहे. सुट्या पुडीत काय आहे ते दुकानदार जाणे. आता अशी पूड रात्रभर पाण्यात राहिली की चिकोरी सगळी उतरते. तुमच्या घशाशी रेंगाळणारं कडू निम्मं तिचं.

उरलेलं निम्मं पुडीच्या बारीकपणाचं. फिल्टरची पूड बारीक असते कारण तिच्यातून गरम पाणी थोड्या वेळात निघून जायचं असतं. ती बारा-बारा तास भिजत ठेवली तर नको ते सगळं सुटतं. आणि पंचातून जे पार होतं ना, तो तुमचा तळाचा गाळ, तोही हाच. गिलासात गेल्यावरही तो कडूपणा सोडतच राहतो. म्हणून पहिला घोट बरा लागतो आणि शेवटचा वाईट. कोल्ड ब्रू मऊ लागणं न लागणं बहुतेक या भुकटीवर आहे. ती जितकी कमी, तितकी कॉफी अलगद.

मिक्सर चालेल. फक्त त्याला लगाम हवा. छोटं भांडं, त्यात मूठभरच बिया, आणि बटण उलट्या बाजूला फिरवून झटके द्या, एका वेळी एखाद सेकंद. दोन झटक्यांच्या मध्ये भांडं उचलून हलवा, म्हणजे वरच्या बिया खाली येतील. सलग फिरवलंत तर खाली पीठ आणि वर अख्ख्या बिया, शिवाय पातं तापून पुडीला करपट वास. जाड्या रव्याइतकं झालं की थांबा. थोडे मोठे तुकडे राहिले तर राहू द्या.

आता खरी गंमत. ही पूड मैद्याच्या चाळणीने चाळून घ्या. खाली जी भुकटी पडेल ती बघून तुम्हाला आश्चर्य वाटेल, मिक्सरचं दळण असं दोन जातींचं असतं. वर राहील ते कोल्ड ब्रूला. खालची भुकटी टाकू नका, स्टीलच्या फिल्टरमध्ये गरम डिकॉक्शनला, म्हणजे कॉफीच्या दाट काढ्याला, ती उत्तम. माझ्या घरी सासऱ्यांची सकाळची कॉफी त्याच्यावरच निघते.

प्रमाण: चाळलेली पूड शंभर ग्रॅम, पाणी आठशे मिली. काचेची बरणी घ्या, जिच्यात कधी लोणचं राहिलेलं नाही अशी. आधी पूड भिजेल एवढंच पाणी घालून लाकडी चमच्याने खालीवर करा, पाच मिनिटं थांबा, मग बाकीचं ओता. एकदम सगळं पाणी ओतलं की पूड वर टोपी धरून बसते आणि टोपीच्या आतली सकाळपर्यंत कोरडी. बिया ताज्या भाजलेल्या असतील तर या पाच मिनिटांत बुडबुडे येतील, घाबरू नका, तो आतला वायू आहे.

मग झाकण लावून फ्रिजमध्ये सोळा ते अठरा तास. ओट्यावर नको. पुस्तकात "खोलीच्या तापमानाला" म्हणतात ती खोली आपली नव्हे, मे महिन्यात आपलं स्वयंपाकघर रात्रीसुद्धा तिशीच्या खाली येत नाही. आंबूस वास तिथूनच येतो. या पाण्याला कुठेच उकळी नसते, म्हणून पाणी आधीच उकळून गार केलेलं घ्या. नळाला नर्मदा येत असो की घरात बोअरिंग असो, यात सूट नाही.

गाळणं. आधी बारीक स्टीलच्या गाळणीतून, मग मलमलच्या दुहेरी फडक्यातून. फडकं कोमट पाण्यात बुडवून पिळून घ्या, कोरडं फडकं पहिली वाटीभर कॉफी स्वतःच पितं. ते साबणाच्या वासाचं नको, आणि दह्याचं तर नकोच नको, त्या विणीत विरजण कायम राहतं. माझी दोन फडकी वेगवेगळ्या खिळ्यांना असतात आणि चुकून बदलली तर घरात आवाज वाढतो. फडकं बांधून टांगा आणि आपल्या कामाला लागा. पिळू नका. चक्क्याला वजन ठेवावं लागतं, कॉफीला हातही लावायचा नाही. पिळलं की नेमकी ती उरलेली भुकटी आणि तिचा कडूपणा खाली येतो. शंभर ग्रॅम पूड साधारण दोनशे मिली पाणी स्वतःपाशी ठेवून घेते, तेवढ्याचा मोह सोडायचा. सहाशेच्या आसपास अर्क हाती लागतो.

तो अर्क आणखी दोन-तीन तास फ्रिजमध्ये न हलवता ठेवा. वरची निवळी दुसऱ्या बाटलीत ओतून घ्या, तळचा बोटभर भाग सोडून द्या. कागदी फिल्टर असेल तर त्यातून काढलेली अजून स्वच्छ येते, पण ते थेंबथेंब चालतं आणि मला तेवढा धीर नाही.

पिताना अर्क एक भाग, थंड पाणी किंवा दूध एक भाग. बर्फाने पातळ होते म्हणून मी अर्काचेच खडे करते. साखर थंडीत विरघळत नाही, तळाशी बसून राहते, त्यापेक्षा पातळ पाक करून बाटलीत ठेवा. वेलची, जायफळ यांच्या भानगडीत पडू नका. जायफळ श्रीखंडात.

ॲसिडिटीचं मला कळत नाही, जाणकार सांगतील.

पाटीवरचा खडू (ग्वाल्हेर)

चक्केवाली बाईंनी प्रयोगशाळेतल्या शिस्तीने लिहिलंय. मी कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचो, त्यामुळे ॲसिडिटीचा भाग माझ्या वाट्याला आला असं समजतो.

"कोल्ड ब्रूत आम्ल नसतं" हे ऐकीव आहे. फिलाडेल्फियाच्या थॉमस जेफरसन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली एकाच तऱ्हेच्या बियांची गरम आणि थंड अशी दोन्ही कॉफी करून मोजली. पीएच (आंबटपणाचं माप, आकडा जितका कमी तितकं आम्ल जास्त) दोन्हींचा जवळपास सारखाच निघाला, साधारण ४.८५ ते ५.१३ च्या दरम्यान. फरक निघाला तो एकूण आम्लांच्या साठ्यात, म्हणजे अल्कली घालत गेलं तर तटस्थ व्हायला किती लागते त्यात. गरम कॉफीत तो जास्त. जिभेला थंड कॉफी सौम्य लागते याचं एक कारण तिथे असू शकेल. दुसरं असं की कडू आणि तुरट लागणारे बरेच पदार्थ गार पाण्यात नीट उतरत नाहीत. सुवास देणारेही कमी उतरतात, ही किंमत मोजावी लागते.

पण कॅफीन थंड पाण्यातही व्यवस्थित उतरतं, वेळ भरपूर असतो ना. आणि छातीतली जळजळ अनेकांना नुसत्या आम्लामुळे होत नाही, कॅफीनही पोटातलं आम्ल वाढवतं. त्यातून हा अर्क आहे, कडू लागत नाही म्हणून माणूस दोन गिलास सहज पितो. काकांना द्यायची तर अर्धा गिलास, जेवणानंतर, दूध घालून. रिकाम्या पोटी नको. गोळ्या चालू असतील तर डॉक्टरांना विचारा, इथे आम्हाला नको.

बियांबद्दल: रोबस्टा या कॉफीच्या दुसऱ्या जातीत अरेबिकाच्या जवळजवळ दुप्पट कॅफीन असतं आणि कडवटपणाही जास्त. तुमच्या अरेबिका आहेत, चांगलंच. पुढच्या वेळी कुठे मॉन्सून्ड मलबार मिळाली तर घेऊन बघा. मलबार किनाऱ्यावर पावसाळी वाऱ्यात उघड्या ठेवून बिया फुगवतात, त्यांचा आंबटपणा मरतो. कोल्ड ब्रूला मला ती फार आवडते.

पाणी उकळून घ्या हे बरोबरच. मात्र आरओचं पाणी अगदीच निःसत्त्व असेल तर कॉफी सपक लागते, कारण चव उतरवायला पाण्यात थोडे क्षार लागतात. कॉफीच्या धंद्यात टीडीएस (पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं माप) १५० च्या आसपासचं पाणी चांगलं मानतात. फार जड पाणी असेल तर उलटा घोटाळा, चव बोथट होते. शेवटचं, पीएच ५ च्या जवळ म्हणजे हे सरबतासारखं टिकाऊ आंबट पेय नव्हे. जंतूंना ते पुरेसं अडवत नाही. फ्रिजच्या बाहेर ठेवूच नका.

दांडियाबाजार (बडोदा)

मी बाहेरच ठेवतो आणि मला तीच चव आवडते. डिसेंबरात.

उन्हाळ्यात मात्र वेगळं करतो. स्टीलचा साऊथवाला फिल्टर घरात आहेच, वरच्या डब्यात जाडी पूड, तिच्यावर ती दाबायची चकती, वर बर्फाचे खडे आणि अगदी थोडं पाणी. फिल्टर तसाच फ्रिजमध्ये. बर्फ वितळेल तसं थेंबथेंब उतरतं. कॉफी थोडी निघते पण स्वच्छ निघते, फडकंबिडकं नाही. माझ्यासारख्या एकट्या माणसाला पुरते.

आणि ज्यांना अठरा तास थांबवत नाही त्यांच्यासाठी: नेहमीची गरम कॉफी कागदी फिल्टरमधून थेट बर्फावर गाळा. एकूण पाण्याचा साठ टक्के भाग गरम, चाळीस टक्के बर्फ. पाच मिनिटांत तयार. आंबटपणा जास्त येतो, वासही जास्त येतो. कोल्ड ब्रू नव्हे ती, पण पाहुणा दारात उभा असेल तर वेळ निभावते.

चिकोरीला फार नावं ठेवू नका हो, आमच्या गुजरातेत जामनगरकडे पिकते ती. कॅफीन शून्य असतं बिचारीत.

चक्केवाली (रामबाग, इंदूर)

नावं कुठे ठेवली? गरम दुधात शोभते म्हटलं. बर्फाची युक्ती मात्र चोरतेय.

छप्पनवर पडीक (इंदूर)

तुम्ही लोक कॉफी पिता की पीएचडी करता?

राजेंद्रनगरकर (इंदूर)

सगळ्यांचे आभार. पडीकभाऊ, तुमचेही, माझ्या नातवाने तुमची बाजू घेतली.

गिलासाची परीक्षा करून पाहिली. दोन गिलास शेजारी शेजारी, एकात किराणावाल्याची पूड, दुसऱ्यात लेकीच्या बियांची. किराणावाल्याच्या पुडीने पाण्यावर पाय ठेवला आणि लगेच तपकिरी दोरे खाली सुटले, तुम्ही लिहिलंत अगदी तसे, मिनिटभरात अर्धा गिलास चहाच्या रंगाचा. बियांची पूड वर तशीच बसलेली. ह्यांना बोलावून दाखवलं. ते चश्मा लावून बराच वेळ बघत होते, आणि मग किराणावाल्याकडे जाऊन प्रमाण विचारून आले. "साठ-चाळीस, साहेब, सगळे हीच नेतात," म्हणाला तो. लपवलं नाही, आम्ही कधी विचारलंच नव्हतं.

मग बियांची केली, चाळून. मैद्याच्या चाळणीखाली एवढी भुकटी पडेल असं खरंच वाटलं नव्हतं, शंभरातली वीस ग्रॅम तरी असेल. फडकं नळाच्या तोटीला टांगलं आणि न पिळता स्वयंपाकघरातून निघून गेले. हे सगळ्यात कठीण गेलं, हात शिवशिवत होते. रंग पूर्वीपेक्षा फिका आहे, काळा नाही, उजेडात धरला तर लालसर. कडू रेंगाळत नाही. शेवटचा घोटही पहिल्यासारखाच. कॅफेतल्यापेक्षा थोडी पातळ वाटली. ते पाण्याचं प्रमाण की वेळ कमी पडला?

ह्यांनी अर्धा गिलास दूध घालून घेतली, जेवणानंतर. "चहाच टाक" म्हणाले नाहीत. काहीच म्हणाले नाहीत, पण गिलास रिकामा होता.

दोन गोष्टी राहिल्या. अर्क किती दिवस टिकतो? आणि तो भिजलेला चोथा, तो परत एकदा पाण्यात घालता येतो का?

चक्केवाली (रामबाग, इंदूर)

पातळ लागली कारण चाळल्यावर तुमची पूड ऐंशीच ग्रॅम उरली आणि पाणी आठशे राहिलं असणार. चाळून झाल्यावर वजन करा आणि त्याच्या आठपट पाणी घाला. ऐंशीला साडेसहाशे पुरे. तरी पातळ वाटली तर सातपट करा, वेळ वाढवू नका. वीस तासांच्या पुढे लाकडासारखी चव यायला लागते.

अर्क नुसता, बंद बाटलीत, फ्रिजच्या आतल्या बाजूला आठवडाभर. दारात नको, तिथे उघडझाप. चव पहिले तीन-चार दिवस उत्तम, पुढे फिकट होत जाते. दूध मिसळलेलं त्याच दिवशी संपवायचं.

चोथा परत वापरू नका. त्यात उरलेलं असतं ते नकोसंच असतं, पाणी फक्त मळकट होईल. सिंकमध्ये तर अजिबात ओतू नका, आमच्या नळवाल्याने मला यावरून फार ऐकवलंय. ओल्या कचऱ्याच्या डब्यात टाका, किंवा उन्हात वाळवून कुंडीच्या मातीत थोडा थोडा मिसळा, एकदम थर दिला तर बुरशी धरतो.

दांडियाबाजार (बडोदा)

वाळलेला चोथा वाटीत घालून फ्रिजमध्ये ठेवला तर वासही ओढून घेतो. फक्त ती वाटी कोल्ड ब्रूच्या बरणीशेजारी ठेवू नका. आमच्याकडे पाहुण्यांनी एकदा तिच्यातूनच चमचाभर कॉफी करून घेतली.